येजो

१

मी धुळ्याला मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवते. म्हणजे वर्षानुवर्षं एकच गोष्ट ओरडून सांगते. छाती पुढे, हनुवटी वर, आणि मान वळवायची नाही. रांगेत मागची मुलगी काही तरी चाळा करते आणि पुढचीची मान वळतेच. मग मी शिट्टी मारते. मागे काय चाललंय ते बघायला मी आहे, तू पुढे बघ, असं दरडावते. आवाज मोठा, स्वभाव त्याहून मोठा. शाळेत आणि घरी सगळे मला जरा दबकूनच असतात. खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. उभं राहणं राहतं. कोण कसा उभा राहतो, कोण कुठल्या पायावर भार देतो, यावरून मी शंभर पावलांवरून माणूस ओळखते. स्वतःचंही ठाऊक आहे. माझा डावा गुडघा गेली काही वर्षं चालताना वाजतो. कट् असा बारीक आवाज. मुली पाठीमागे त्यावरून मला काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

आणि सगळ्यांत सुंदर उभं राहणं मी पाहिलंय ते आबांचं. आबा म्हणजे माझे वडील, असोद्याचे रुपचंद पाटील. केळी, कपाशी, हिवाळ्यात वांगी. दोन्ही हात पाठीमागे, एका हातात दुसऱ्याचं मनगट, पोट किंचित पुढे, मान ताठ. केळीच्या बागेत पाणी सोडून ते बांधावर असे उभे राहिले की गाडीवाटेवरूनही कळायचं, आबा आहेत.

दिवाळीच्या तोंडावर त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. हात छातीशी मुडपला, बोटं आत वळली, पाऊल तिरपं पडायला लागलं, ओठाचा उजवा कोपरा खाली उतरला. वाचा गेली. वाचेतला एकच शब्द मागे राहिला.

तेव्हापासून दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी जळगावची बस धरते आणि तिथून रिक्षाने असोद्याला येते. रविवारी संध्याकाळी परत. आबांना मी चालवणार होते. डॉक्टर, दैव, कोणाचं काहीही म्हणणं असो, मला माझे आबा ताठ उभे राहिलेले बघायचे होते. दुसरं काही नको होतं.

२

राहिलेला शब्द होता ‘येजो’.

बाहेरच्या माणसाला हा शब्द कळायला जरा वेळ लागतो. ‘ये’ म्हणजे आत्ता ये. ‘येजो’ म्हणजे कधी तरी ये, सवड झाली की ये. आमच्याकडे कोणीही भेटला, रेल्वेत शेजारी बसलेला असो की बँकेत रांगेतला, निरोप घेताना त्याला म्हणायचंच, “भरीत खायाले येजो.” असोद्याच्या वांग्यांचा तेवढा मान आहे. येतं कोणीच नाही, आणि बोलावणाऱ्यालाही ते माहीत असतं. पण म्हणायचं असतं.

आता आबा पाणी हवं असलं तरी म्हणत, “येजो.” पाय दुखला तरी येजो. मला दारात बघून डोळ्यांत पाणी यायचं, तेव्हाही येजो. जळगावचे डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूत कुठेतरी खोल रुतलेला एखादाच शब्द उरतो, त्याचा अर्थ लावत बसू नका. मला हसू आलं आणि रडूही. जन्मभर माणसांना बोलावणाऱ्या माणसाजवळ दुसरं काय उरणार?

आम्ही मग आवाजावरून अर्थ लावायला शिकलो. माझा भाऊ हितेंद्र, आमचा हितू, त्यात पटाईत. त्याची बायको पुनम साक्रीकडची, तिची अहिराणी अजून तशीच आहे. ती म्हणायची, “माले बठ्ठं समजस आबास्नं.” म्हणजे आबांचं सगळं कळतं मला. आणि खरंच, भूक आणि तहान यांतला फरक तिला बरोबर कळायचा.

एक येजो मात्र कोणालाच कळायचा नाही. तो हळू असायचा. आणि तो म्हणताना आबा आमच्यापैकी कोणाकडे बघत नसत.

३

आबांची खाट आम्ही पुढच्या खोलीत टाकली होती, खिडकीशी. ऊन येतं, रस्त्याने जाणारे डोकावून ख्यालीखुशाली विचारतात. समोरच्या भिंतीवर टीव्ही, आणि त्याच्या वर हॉलंडचा फोटो.

तो फोटो आमच्या घरातलं देवाखालोखालचं ठिकाण. मी चौथीत असताना केळीवाल्यांचा एक गट ठिबक नि शीतगृहं बघायला तिकडे गेला होता, त्यात आबा होते. ठिबकबद्दल ते काय सांगत ते मला आठवत नाही. नकल्याची गोष्ट मात्र तोंडपाठ आहे, कारण घरी पाहुणा आला की ती व्हायचीच.

फोटोत विटांचा चौक आहे, कबुतरं आहेत, गोल करून उभी राहिलेली गोरी माणसं आहेत. मधोमध आबा, पांढरी टोपी आणि भादलीच्या भिकन पाटलांकडून मागून आणलेला कोट घालून. हात पाठीमागे, तोंडभर हसू. आणि त्यांच्या मागे, खांद्याला खांदा भिडेल इतका जवळ, काळ्या हॅटचा, तोंडाला पांढरा रंग फासलेला माणूस. तोच नकल्या, त्या चौकातला खेळवाला. कोणी वाटसरू दिसला की त्याच्या नकळत मागे जायचं आणि तो चालेल तसं चालायचं, उभा राहील तसं उभं राहायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही.

“मले पत्ताच नाही!” आबा सांगायचे. “बठ्ठे हासी राह्यले, म्हनून मी बी हासी राह्यलो. मले वाटलं माह्या टोपीले हासता. मंग वळलो, त हा बाबा मांगे उभा. अगदी मीच!”

“मंग काय केलं?” पाहुणा विचारायचा.

“काय करनार? हात जोडले. म्हन्लो, भरीत खायाले येजो आमच्या असोद्याले.”

“त्याले काय समजलं?”

“त्यानं बी हात जोडले. माह्यासारखेच व्हट हालवले. येजो!”

मग सगळे हसायचे. आई भाकरी थापता थापता आतून म्हणायची, “म्हंजे त्यानं बी तुमाले बलावलं म्हना.” आई जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्या गोष्टीतलं तिचं वाक्य अजून तिचंच आहे.

४

व्यायामाची रीत अशी. मी त्यांच्यासमोर उभी राहायची आणि म्हणायचं, मी करते तसं करा. हात वर. मूठ. मूठ उघडा. ते बघून बघून करतात, आणि बघता बघता मेंदू पुन्हा शिकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला तर हे काम जन्माचं पाठ.

एका रविवारी सकाळी आबा दमले म्हणून मी थांबले. पाणी पाजलं. पाठ मोकळी करायला वळले आणि समोर फोटो आला. रोजचाच. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांत आबांचं वाकडं शरीर ताजं होतं, आणि फोटोत मला तेच दिसलं.

नकल्याचा उजवा हात छातीशी मुडपलेला होता. बोटं आत. उजवं पाऊल तिरपं. पांढऱ्या रंगातसुद्धा ओठाचा उजवा कोपरा उतरलेला कळत होता.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्याच्या पुढे आबा ताठ उभे, दोन्ही हात मागे, हसताहेत. मग हा कोणाची नक्कल करत होता?

मी वेडगळ बाई नाही. मी तिथल्या तिथे स्वतःला उत्तर दिलं. असे खेळवाले वेडावून दाखवतात, हातपाय वाकडे करतात, तेव्हाच तर लोक हसतात. इतकी वर्षं आपण नीट पाहिलंच नव्हतं. घरातल्या फोटोकडे कोण बघतं? बरोबर आहे, असं म्हणून मी चहा टाकायला आत गेले. पण चहात साखर घालायची राहिली.

५

हितू बागेतून आला तेव्हा मी त्याला ओसरीतच गाठलं. फोटोबद्दल काही बोलले नाही. फक्त म्हटलं, “हितू, लहानपणी आपण नकल्या-नकल्या खेळायचो, आठवतं?”

“हो ना. तू आबा व्हायची, मले कायम नकल्या करायची. दादागिरी तुझी.”

“हो जरा नकल्या.”

“आता काय व अक्का! पाय चिखलाचे हायेत माहे.”

“हो म्हणते ना.”

तो हसला आणि माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी वळून बघितलं. त्याचे दोन्ही हात पाठीमागे गेले होते. एका हातात दुसऱ्याचं मनगट, पोट पुढे. काही विचार न करता, आपसूक. अंगाला पाठ झालेलं असतं ते असंच येतं, हे मला माझ्या धंद्यात चांगलं माहीत आहे.

मी त्याला हाताला धरून पुढच्या खोलीत नेलं आणि फोटोकडे बोट दाखवलं. त्याने टाचा उंचावून पाहिलं. खाटेवर आबांना डुलकी लागली होती.

“तसंच व्हतं ते,” हितू शेवटी म्हणाला. “आपन लहान व्हतो. आपल्याले काय कळे?”

“मग तू हात मागे का नेलेस?”

“तू कायले इतकं पाही राह्यली अक्का? आबाचं पाह्य.” तो पाय धुवायला निघून गेला. जाताना त्याने टीव्ही लावला, मोठ्याने, आणि बघितला मात्र नाही.

६

पुढच्या शनिवारी आबांनी उजवा हात उचलला.

मी ‘हात वर’ म्हटलं आणि तो आला. खांद्यापर्यंतच, थरथरत, पण आला. मी अक्षरशः नाचले. पुनम कणकेच्या हातांनी धावत आली, तिने आबांची दृष्ट काढली. माझा जीव भांड्यात पडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

रविवारी मूठ उघडली. पावलं सरळ पडायला लागली. मी समोर, ते समोर, खिडकीतून ऊन, रस्त्यावर केळीच्या गाडीचा आवाज. मी करत होते आणि ते करत होते. छान लय लागली होती.

आणि मग माझ्या लक्षात आलं की ते माझ्या आधी करताहेत.

मी हात वर नेण्याआधी त्यांचा जात होता. क्रम पाठ झाला असेल, असं मला वाटलं. म्हणून मी क्रम बदलला. मी मान डावीकडे वळवली, त्यांनी हात वर केला. मी थांबले. सावधानमध्ये उभी राहिले, काहीच केलं नाही. आबा करत राहिले. हात वर, मूठ, मूठ उघडा. पाऊल पुढे, पाऊल मागे. शांतपणे, मन लावून, एकेक गोष्ट बघून बघून. त्यांचे डोळे माझ्यावर नव्हते. माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर, मागे होते.

खोलीत मी आणि आबा दोघंच होतो. मागे टीव्ही, भिंत, फोटो.

मी डाव्या पायावर भार दिला. गुडघा वाजला. कट्. आणि मागून, अगदी लगेच, तसाच बारीक आवाज आला. भिंतीवरून आवाज परत येतो, मोकळ्या खोलीत येतोच. मी स्वतःला तसं समजावलं. पण मी वळले नाही. आयुष्यभर मुलींना शिकवलं ते अशा वेळी उपयोगी पडलं म्हणायचं.

आबांनी शेवटी दोन्ही हात जोडले. हे काही आमच्या व्यायामात नव्हतं. आणि हळू आवाजात, माझ्याकडे न बघता, म्हणाले, “येजो.”

७

त्याच संध्याकाळी निघण्याआधी मी फोटो खाली उतरवला. हितूला म्हटलं, काच सैल झालीय, खाटेसमोर नको.  इतक्या तत्परतेने त्याने तो चादरीत गुंडाळून गच्चीवरच्या खोलीत नेऊन ठेवला की मला कळायचं ते कळलं.

बुधवारी पुनमचा फोन आला. “अक्का, आबा आज उठनातच नहीत.” शनिवारी मी आले तेव्हा हात पुन्हा छातीशी गेला होता. बोटं इतकी घट्ट वळलेली की मला ती एकेक करून उलगडावी लागली. मी समोर उभी राहिले, ओरडले, विनवलं, करा ना आबा, मी करते तसं करा. ते माझ्याकडे बघत राहिले. प्रेमाने, नीट माझ्याकडेच. पण हात हलला नाही.

एवढं खरं की ते झोपत होते. पुनम म्हणाली, लकवा झाल्यापासून पहिल्यांदाच ते असे गाढ, लहान मुलासारखे झोपतात. मी तिकडे लक्ष दिलं नाही. झोपेचं काय करायचंय? जितके दिवस वाया जातील तितकं ते अंग आखडत जाणार, हे मला दिसत होतं.

रविवारी दुपारी मी त्यांच्यापाशी बसले. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. तिथे आता खिळा होता आणि फोटोएवढा भिंतीचा न विटलेला चौकोन. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, चांगलं दुखेल असं, आणि म्हणाले, “येजो. येजो. येजो.”

“फोटो पाहिजे का आबा?”

“येजो.”

आवाजावरून अर्थ लावण्यात मी कधीच हुशार नव्हते. हितू घरी असता तर त्याला कळलं असतं कदाचित. मी मनाशी म्हटलं, सुलक्षणा, एका कागदाला भिऊन तू बापाला असं पाडून ठेवणार आहेस का? आणि त्या नकल्याची नक्कल करून ते बरे होत असतील तर होऊ देत. कोणाकडे बघून का होईना. मला सरळ उभा बाप हवा होता.

मी गच्चीवर गेले, फोटो आणला आणि माझ्या हाताने खिळ्याला लावला. मग मी आबांचा हात हातात घेतला, तो त्यांनी काढून घेतला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

८

त्यानंतर मला काही करावंच लागलं नाही. रोज फोनवर नवी बातमी. आबा उठून बसले. आबा खुर्चीपर्यंत गेले. आबांनी स्वतःच्या हाताने भाकरी मोडली. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, असं हितू म्हणाला. शाळेत मी पेढे वाटले.

हितूने पुढच्याच रविवारी मळ्यात भरिताचा बेत केला, आबा बरे झाल्याचा म्हणून. शनिवारी शाळेत अडकले होते, म्हणून मी त्या दिवशी सकाळीच पोहोचले. मळ्यात कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजायला टाकली होती, धुराचा तो ओळखीचा वास रस्त्यापर्यंत आला होता. मोजकेच पाहुणे, केळीच्या पानांवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या.

आणि बांधावर आबा उभे होते. पांढरी टोपी. दोन्ही हात पाठीमागे, एका हातात दुसऱ्याचं मनगट, पोट किंचित पुढे. मी गाडीवाटेवरूनच ओळखलं आणि मला भडभडून आलं. मी धावत जाऊन त्यांच्या पाया पडले.

“आबा!”

ते हसले. तोंडभर, दोन्ही कोपरे वर. काही बोलले नाहीत.

“येजो तरी म्हणा!” मी चेष्टेने म्हटलं.

“ते बंद झालं,” हितू म्हणाला. “मंगळवारपासून एक शबूद नाही. डॉक्टर म्हने, येईन हळूहळू. चालता आले, आजून काय पाहिजे?”

जेवताना मी त्यांच्यासमोर बसले. मी घास घेतला, त्यांनी घेतला. मी पाणी प्यायले, ते प्यायले. शेजारच्या पाहुण्याने मिशीवरून हात फिरवला, आबांनी फिरवला. पुनम हसली, “दखा, ल्हान पोऱ्या व्हई ग्यात आबा.” सगळे हसले. व्यायामाची सवय लागली असेल, मी म्हटलं. मी बोलत होते आणि आबांचे ओठ हलत होते, माझ्या ओठांबरोबर. आवाज नव्हता.

भरीत त्यांना फार आवडलेलं दिसलं. ते बोटाने चाखत होते आणि प्रत्येक वेळी जरा थांबत होते, पहिल्यांदा खाणारा माणूस थांबतो तसे.

९

संध्याकाळच्या बससाठी मी घरी पिशवी घ्यायला आले. सगळे ओसरीत टेकले होते. पुढच्या खोलीत मी एकटीच होते. खाट रिकामी, चादर नीट घातलेली.

हितू दारातून म्हणाला, “अक्का, आता पाह्य तुझा तो फोटो. सरळ तर उभा हाये नकल्या! तू तव्हा उगीच घाबरली, नि मलेबी घाबरवलं.”

मी पाहिलं. खरंच सरळ होता. दोन्ही हात पाठीमागे, पोट पुढे, आम्ही लहानपणी करायचो तसा. मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्याने हसले. उन्हाचा खेळ, दमलेले डोळे, दुसरं काय? हितू ओसरीत परत गेला. मी पिशवी खांद्याला लावली, आणि जाता जाता सवयीने फोटोतल्या पुढच्या माणसाकडे पाहिलं.

टोपी तीच, भिकन पाटलांचा कोट तोच. हात पाठीमागे होते, त्यामुळे बोटं कशी आहेत ते दिसत नव्हतं. पण उजवं पाऊल आत वळलं होतं. आणि तो हसत नव्हता. हसण्याने उघडलेलं ते तोंड, जे मी जन्मभर पाहत आले, ते तसं नव्हतं. उजवा कोपरा खाली उतरला होता. ओठ गोल झाले होते, ‘जो’ म्हणताना होतात तसे. आजूबाजूची सगळी माणसं हसत होती, कबुतरं होती, आणि तो सरळ माझ्याकडे बघत होता. प्रेमाने, नीट माझ्याकडेच.

मला रडू फुटलं. का ते कळायच्या आधीच मी हात जोडले होते. आमच्याकडे निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. लहानपणापासून जिभेवर जे बसलंय तेच तोंडातून आलं.

“येते, आबा.”

शब्द बाहेर पडले आणि मग मला ते ऐकू आले. त्या येजोला मी हो म्हटलं होतं.

खोलीत मुळीच आवाज नव्हता. मी वळून दाराकडे निघाले, छाती पुढे, हनुवटी वर. आबा दाराआडच उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. ओसरी ओलांडली, पायऱ्या उतरले, अंगणातून फाटकाकडे चालू लागले. डावा पाय टेकला. कट्.

मागे, अगदी जवळ, कट्.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंड फाटकाकडे होतं, ते कोणाला दिसलं नाही. ओसरीत पुनम टाळ्या वाजवून म्हणाली, “अक्का, दखा तरी! आबा तुमनी नक्कल करी राह्यनात!” हितू हसला, पाहुणे हसले, रस्त्याने जाणारे दोघे थांबून हसायला लागले. बठ्ठे हसत होते, म्हणून मीही हसले.